नांगर कधी उचलायचा?

नवीन पनवेलहून एका वाचकांनी विचारलं आहे: अटलांटिकमधल्या अझोर बेटांवरून मदेराकडे एकट्याने शिडाची होडी नेणाऱ्या माणसाची फिल्म पाहिली. गडी दहा-बारा दिवस बंदरातच बसून. वर ऊन, समोर समुद्र निवांत. हातात उपग्रहावर चालणारा फोन आणि त्यात साऱ्या जगाच्या वाऱ्याचे नकाशे. मग हा थांबतो कशाला?

त्रैराशिक मांडलं की उत्तर मिळतं. छोटी शिडाची होडी ताशी पाच सागरी मैल चालली तर उत्तम. दिवसरात्र चालून एकशेवीस मैल. अझोरहून मदेरा पाचशे मैलांच्या पुढे, म्हणजे चार-पाच दिवस लागणार. उत्तर अटलांटिकवरून पूर्वेकडे सरकणारी वादळी, कमी दाबाची क्षेत्रं मात्र ताशी पंचवीस-तीस मैलांनी येतात. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर पायी रस्ता ओलांडणारा माणूस ट्रकशी शर्यत लावत नाही, दोन ट्रकमधली फट बघतो. होडीवाला तेच करतो. त्याची फट पाच दिवसांची हवी, आणि आजच्या घडीला वाऱ्याचा अंदाज भरवशाचा असतो तोही साधारण पाचच दिवस. बंदरातलं आजचं ऊन त्याच्या काही कामाचं नाही. त्याला हवं असतं शुक्रवारचं ऊन, तेही तीनशे मैल पुढचं.

एकट्या माणसाचा आणखी एक हिशेब असतो, झोपेचा. एकटा दर्यावर्दी वीस-तीस मिनिटांच्या डुलक्यांवर दिवस काढतो. मधल्या समुद्रात हे चालून जातं. जमिनीजवळ जहाजांची वर्दळ आणि खडक, तिथे डोळा लागून चालत नाही. त्यामुळे पहिली आणि शेवटची रात्र शांत मिळावी म्हणूनच निम्मं थांबणं असतं.

फोनमधल्या रंगीत बाणांबद्दल थोडं. पाच अ‍ॅप सारखंच सांगतात म्हणून निर्धास्त होणारे पुष्कळ भेटतात. या बहुतेक अ‍ॅपच्या मागे तीच दोन-तीन गणिती प्रारूपं असतात, मुख्यतः युरोपीय हवामान केंद्राचं आणि अमेरिकेचं. एकाच साक्षीदाराला पाचदा विचारून पाच साक्षी होत नाहीत. खरी कामाची गोष्ट अ‍ॅपच्या पहिल्या पडद्यावर सहसा दिसतच नाही. युरोपीय केंद्र एकाच दिवसासाठी, सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करत, पन्नासाहून जास्त अंदाज चालवतं. ते सगळे एका वाटेने गेले तर नांगर उचलावा, चौथ्या दिवशी पांगले तर निमूट चहा करावा.

अंतर वाढलं की मात्र अंदाज हातचा सुटतो. कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला सुमारे सत्तावीसशे मैल, म्हणजे तीन आठवडे. तिसऱ्या आठवड्याचं वारं आज कोणीच सांगू शकत नाही. तिथे वाट बघायची ती ऋतूची. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम कागदोपत्री ३० नोव्हेंबरला संपतो, ईशान्येचे व्यापारी वारे जम बसवू लागतात आणि मग होड्या सुटतात.

आपल्याकडे हेच गणित पृथ्वीएवढं मोठं करून मांडलं गेलं. फलटणजवळच्या विंचुर्णीत स्थायिक झालेले निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी ध्यास घेतला की भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली आणि कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली, मग केपटाउन असे चार मुक्काम करून १९ मे २०१० रोजी ते परतले. या तारखा नीट बघा. केप हॉर्न ओलांडायचं तर दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमाराला. घरी पोचायचं तर आपला मोसमी पाऊस लागायच्या आत. या दोन खुंट्यांना दोरी बांधली की निघायचा महिना आपोआप ठरतो. भर पावसाळ्यात मुंबई सोडण्यात शौर्यापेक्षा हिशेब जास्त होता.

तरी दुसरी खुंटी हलते. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं. दोंदे परतले तोच हा आठवडा, अकरा वर्षांनंतरचा. आणि २०२५ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघी 'तारिणी' नौकेतून आठ महिन्यांची प्रदक्षिणा संपवून २९ मे रोजी गोव्यात आल्या, तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत हजर. नौकेआधी पाऊस घरी.

इथे मला हेन्री पिडिंग्टनबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. 'सायक्लोन' हा शब्द त्याने रूढ केला, एवढंच प्रश्नमंजुषेत येतं आणि माणूस तिथेच संपतो. व्यापारी जहाजांवरचा हा कप्तान कलकत्त्यात स्थायिक झाला. बुडालेल्या-मोडलेल्या जहाजांच्या चौकशी न्यायालयाचं काम त्याच्याकडे होतं, आणि जहाजांच्या रोजनिश्या गोळा करून तो वादळांचे नकाशे काढत असे. त्यातली एक रोजनिशी 'चार्ल्स हेडल' या जहाजाची. १८४५ मध्ये मॉरिशसहून निघालेलं हे जहाज वादळात सापडलं आणि कप्तानाने वाऱ्याला पाठ देऊन पळ काढला. पाच दिवस जहाज सुसाट पळालं आणि एवढं पळून वादळाच्या केंद्राभोवती नुसतं गरगर फिरत राहिलं. वारा गोल फिरतो याचा याहून सुंदर पुरावा प्रयोगशाळेत मिळाला नसता.

१८४८ च्या आपल्या पुस्तकासोबत पिडिंग्टनने खलाशांना शिंगाच्या पातळ, पारदर्शक चकत्या दिल्या. चकतीवर वर्तुळं आणि वाऱ्याचे बाण कोरलेले, उत्तर गोलार्धाची एक, दक्षिणेची एक. ती नकाशावर ठेवायची आणि आपल्याला लागतोय त्या दिशेचा बाण आपल्या जागेवर येईपर्यंत सरकवायची. चकतीचा मध्य ज्या दिशेला पडेल त्या दिशेला वादळाचा डोळा, आणि मग पळायचं कुठे तेही दिसतं. वीज नको, उपग्रह नको. आपल्या अर्ध्या जगात वाऱ्याला पाठ करून उभं राहा, कमी दाब डाव्या हाताला, हा नियम शाळेत बाइस बॅलटच्या नावावर शिकवतात. तो १८५७ चा. चकत्या त्याआधी नऊ वर्षं खलाशांच्या पेटीत होत्या.

कलकत्त्याला पर्याय म्हणून मातला नदीवर बंदर करायचं घाटत होतं, तेव्हा १८५३ मध्ये पिडिंग्टनने गव्हर्नर जनरल डलहौसीला पत्र लिहून बजावलं की वादळाची लाट एक दिवस ते गिळेल. कोणी ऐकलं नाही, पोर्ट कॅनिंग उभं राहिलं. १८५८ मध्ये पिडिंग्टन गेला आणि १८६७ च्या वादळाने बंदराची वाट लावली.

आता पनवेलकडे. रेल्वे आणि पूल यायच्या आधी पनवेल बंदरातून तांदूळ घेऊन गलबतं मुंबईला जात. तिथे वाट पाहायची ती वाऱ्याच्या आधी भरतीची, कारण ओहोटीला खाडीत चिखलच उरतो. त्याचा हिशेब कोकणात तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करा. पंचमीला पाच पावणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पुरी भरती. खाडीत आत पोचायला पाण्याला अंमळ उशीर. तिथी साधारण चंद्रावर चालते, पाणीही चंद्रावर चालतं, म्हणून एवढं सोपं गणित पिढ्यान्‌पिढ्या बरोबर येतं.

दर्याला नारळ वाहून होड्या सोडायच्या नारळी पौर्णिमेचं मात्र तसं नाही. ती २०२३ मध्ये ३० ऑगस्टला होती, २०२५ मध्ये ८ ऑगस्टला. अधिक मासामुळे तीन आठवडे इकडचे तिकडे. पावसाळी वारा चालतो सूर्यावर, त्याला अधिक मास ठाऊक नाही. आठ ऑगस्टचा आणि तीस ऑगस्टचा दर्या सारखा नसतो, आणि सोन्याचा नारळ वाहिला तरी हे कोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. महाराष्ट्रातली यांत्रिक नौकांची मासेमारीबंदी म्हणूनच तिथीवर नाही, तारखेवर आहे: १ जून ते ३१ जुलै. माशांच्या विणीसाठी ती आहेच, पण दर्याच्या रागासाठीही आहे, आणि ती १५ ऑगस्टपर्यंत न्यावी अशी मागणी मच्छीमारांमधूनच होत आली आहे.