हंस पाळावेत की बदके? मावळातील अंगणासाठी विचार

तळेगाव दाभाडे या गावाच्या नावातच तळे आहे, आणि मावळ तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने खाचर, ओढा आणि अंगण यांतील भेद पुष्कळसा पुसला जातो. अशा मुलखात पाणपक्षी पाळण्याची हौस उत्पन्न व्हावी हे स्वाभाविक होय. शेतकऱ्याच्या घरी बदकांचा विचार होतो, तर वडगाव-तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत जी शेतघरे झाली आहेत, त्यांच्या मालकांस पांढऱ्या हंसांची जोडी दारात असावी असे वाटते. दोघांचाही समज बहुधा असा असतो की, हंस म्हणजे आकाराने मोठे बदक. या समजुतीनेच पुढे बहुतेक अडचणी उद्भवतात.

हंस चरतो, बदक चाळते. हा मूळ भेद ध्यानी घेतला की बाकीचे आपोआप उलगडते. हंसाची चोच गवत कुरतडण्यास योग्य अशी कणखर व कडेने दातेरी असते. तो गुरांप्रमाणे दिवसभर हरळी व इतर कोवळे गवत खातो. बदकाची चोच रुंद व चपटी असून तिच्या कडांना फणीसारखी झालर असते. चिखलपाणी तोंडात घेऊन त्यातील किडे, गोगलगाई, अळ्या व धान्याचे कण गाळून घ्यावयाचे, ही त्याची रीत. म्हणून हंसास कुरण हवे आणि बदकास ओल व खुराक हवा. तळे दोघांनाही अपरिहार्य नाही. डोके पूर्ण बुडेल एवढ्या खोलीचे स्वच्छ पाणी मात्र रोज हवेच, कारण डोळे व नाकपुड्या धुता आल्या नाहीत तर त्या चिकटतात व पक्षी आजारी पडतो.

चांगल्या कुरणाच्या एका एकरावर २० ते ४० हंस चरू शकतात, असे सर्वसाधारणपणे धरतात. म्हणजे एका पक्ष्यास एक ते दोन गुंठे. मावळात आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत गवताची ददात नाही. परंतु माघ उलटला की माळ पिवळा पडतो, आणि पाऊस पडेपर्यंत हंसाचे पोट मालकाच्या खिशावर येते. ज्याच्याकडे विहिरीच्या पाण्यावर लसूणघासाचा एखादा वाफा आहे किंवा भाजीपाल्याचा हिरवा पाला रोज निघतो, त्यानेच हंसांचा विचार करावा. उलट बदकास बाराही महिने खाऊ घालावे लागते. खाकी कॅम्पबेल जातीचे बदक पहिल्या २० आठवड्यांत सुमारे साडेबारा किलो खाद्य खाते, व त्यानंतर रोज १२० ग्रॅम किंवा त्याहून अधिक. भाताची कणी व कोंडा मावळात घरचाच असल्याने हा खर्च काहीसा हलका होतो.

त्या खुराकाचा मोबदलाही बदक देते. खाकी कॅम्पबेल उत्तम निगा राखल्यास वर्षाला ३०० पर्यंत अंडी घालते. हंसाची मादी वर्षाकाठी साधारणपणे ३० ते ५० अंडी देते, आणि तीही बहुधा दुसऱ्या वर्षापासून. तेव्हा अंड्यांसाठी हंस पाळणे हा व्यवहार नव्हे. बदके बहुतेक अंडी सकाळी नऊच्या आत घालतात. म्हणून त्यांस तोपर्यंत खुराड्यातच ठेवावे, नाहीतर अंडी ओढ्याकाठी शोधीत फिरावे लागते.

भातशेतीच्या दृष्टीने तर दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जपानात ताकाओ फुरुनो या शेतकऱ्याने १९८८ पासून भाताच्या खाचरात बदके सोडण्याची पद्धत विकसित केली. बदके कीड व तण खातात, पायांनी चिखल ढवळतात आणि त्यांची विष्ठा खत म्हणून उपयोगी पडते. मावळातही लावणीनंतर रोपे नीट रुजल्यावर महिना-सव्वा महिन्याची पिल्ले खाचरात सोडता येतील. मात्र भात निसवू लागताच ती बाहेर काढावीत, अन्यथा लोंब्या त्यांच्या भक्ष्यस्थानी पडतील. ज्या खाचरात कीटकनाशक फवारले असेल तेथे ती नेऊ नयेत. हंस मात्र खाचरात कधीही सोडू नये. अमेरिकेत एके काळी कापसाच्या शेतात तण काढण्यासाठी हंस वापरीत, कारण कापसाची पाने त्यास आवडत नाहीत. भात हे मुळात गवतच आहे. हंस तण आणि भात यांत भेद करणार नाही. आंब्याच्या किंवा चिकूच्या मोठ्या बागेत तो गवत चांगले राखील, परंतु नव्या कलमांना कुंपण हवे. तो कोवळी सालही सोलतो.

आता सोबतीचा विचार. येथे हंस निःसंशय सरस आहे. अंड्यातून बाहेर येताच जो प्रथम हलताना दिसतो त्याच्या मागे पिल्लू चालू लागते. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी हंसांवरच याचा अभ्यास केला व त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हंस घरच्या माणसांस ओळखतो, परक्याची चाहूल लागताच मोठ्याने ओरडतो. इ. स. पूर्वी ३९० मध्ये रोमच्या गडावर रात्री चढणाऱ्या शत्रूची वर्दी हंसांनी दिली, ही कथा प्रसिद्धच आहे. परंतु तोच आवाज दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या भांडणास कारण होतो. विणीच्या काळात नर अंगावर धावून येतो, चावतो व पंखांनी जोराचा फटका मारतो. लहान मुले असलेल्या घराने याचा आधीच विचार करावा. अशा वेळी पळू नये व लाथही मारू नये. त्याच्याकडे तोंड करून स्थिर उभे राहावे व सावकाश मागे सरावे. एकटे पिल्लू माणसाच्या अंगावर वाढविले तर मोठेपणी ते माणसालाच प्रतिस्पर्धी समजते, म्हणून निदान दोन तरी एकत्र वाढवावीत. बदक इतके जवळ येत नाही, पण त्रासही देत नाही. गोंगाट मादीचा असतो. नराचा आवाज घोगरा व बारीक असून शेपटीवरील वळलेल्या पिसांवरून तो ओळखता येतो.

हंस वीस वर्षे किंवा त्याहून अधिक जगू शकतो. शनिवार-रविवारी येणाऱ्या मालकाने हंस आणले तर त्यांची ओळख जडते ती राखणदाराशी, आणि राखणदार बदलला की पक्ष्यांचे हाल होतात. कंटाळा आला म्हणून त्यांस गावच्या तळ्यात सोडून देणे हा उपाय नव्हे. भटकी कुत्री त्यांना फार दिवस ठेवीत नाहीत. रानबदके पकडून पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

मावळात सर्वांत मोठा धोका मुंगूस किंवा रानमांजराचा नसून बुरशीचा आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पावसाळी दमट हवेत मका व शेंगदाण्याची पेंड लवकर बुरसते. त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन या विषास बदकाची पिल्ले कोंबडीच्या पिल्लांहून कितीतरी अधिक लवकर बळी पडतात. वास आलेले किंवा गाठी झालेले खाद्य, वाया जाईल या भीतीने, बदकांपुढे टाकू नये. पोती फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. खुराड्यात प्रत्येक बदकास तीन ते चार चौरस फूट जागा असावी, हंसास याहून बरीच जास्त. खाली भाताचे तूस पसरून ते भिजताच बदलावे. दोन-चार पक्षी एकाएकी मेले तर ते ओढ्यात न टाकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू उद्भवला होता, याचे विस्मरण होऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सल्ला देताना प्रथम तीन प्रश्न विचारावेत: उन्हाळ्यात हिरवे गवत कोठून येणार, घरात बारा महिने कोण राहणार, आणि शेजारचे घर किती अंतरावर आहे. भातशेतकऱ्याच्या अंगणास चार-सहा बदकेच शोभतील. यंत्रात उबविलेली पिल्ले विकत घेतल्यास आईच्या पिसांचे तेल त्यांच्या लवेस लागलेले नसते. ती पाण्यात पडली की भिजून गारठतात. म्हणून पहिले तीन-चार आठवडे त्यांना ऊब द्यावी, पिण्याचे भांडे उथळ ठेवावे व पावसात बाहेर काढू नये. हौसेने पाळावयाची असल्यास पावसाचा जोर ओसरल्यावर, भाद्रपदाच्या अखेरीस किंवा आश्विनात, पिल्ले आणणे सोयीचे पडते.