वीज : भाग 6 – वहन आकाराची गोष्ट

मागच्या आठवड्यात विजेचं बिल वाचताना ‘वहन आकार’ या ओळीवरून आपण घाईने पुढे गेलो होतो. आज तिथेच थांबू. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट. कोळसा जळतो राज्याच्या पूर्व टोकाला आणि पंखे फिरतात पार पश्चिमेला. मधल्या तारा, उपकेंद्रं, रोहित्रं यांतून वीज थोडी थोडी गळत येते, आणि ती वाहून आणण्याचा खर्च आपल्याच बिलात पडतो. ऊन फुकट मिळतं, याचं कौतुक सगळेच करतात. माझ्या मते गच्चीवरच्या विजेचं मोठेपण वेगळं आहे : ती जिन्याएवढा प्रवास करून घरातच संपते.

हिशेब साधा आहे. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट मोकळी गच्ची लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात. तीन किलोवॅटचा संच म्हणजे वर्षाला 4,300 युनिटच्या आसपास. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत एवढ्या संचाला 78,000 रुपये अनुदान आहे. पण बिलाबाहेरची बचत पाहा. देशाच्या जाळ्यातल्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे या एका घरामागे वर्षाला तीन टन. पाण्याचं तर कुणी बोलतच नाही. 2015 च्या केंद्रीय नियमांनी जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घालून दिली. त्या मापाने हे घर वर्षाला 15,000 लिटर पाणी वाचवतं. चंद्रपूरचं केंद्र आणि चंद्रपूर शहर एकाच इरई धरणाचं पाणी पितात, हे लक्षात घेतलं की हा आकडा कोरडा राहत नाही.

‘रात्री काय?’ हा आक्षेप रास्त आहे. दिवसाची जादा वीज जाळ्यात जाते, रात्री तिथूनच परत येते आणि नेट मीटर दोन्ही मोजतो. म्हणजे जाळ्यापासून सुटका नाहीच. उलट बाहेरची वीज गेली की बॅटरी नसलेला संच भर उन्हातही बंद पडतो. खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तशी सोयच केलेली असते. विक्रेते हे सांगायला विसरतात.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा : बंगलेवाले बिलातून सुटतील आणि जाळ्याचा खर्च गच्ची नसलेल्यांच्या माथी येईल. नुसत्या बंगल्यांपुरता विचार केला, तर हे खरंच आहे. पण विकेंद्रित वीज म्हणजे फक्त खासगी गच्ची नव्हे. सोसायटीची लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे सामाईक मीटरवर चालतात. तिथली बचत वन रूम किचनवाल्यालाही मिळते. पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, ते गावाने मिळून. आणि 2017 पासूनची सौर कृषी वाहिनी योजना उपकेंद्राजवळच वीज तयार करून शेतीपंपांना दिवसा पुरवते. रात्री साप-बिबट्याच्या धास्तीत दारं धरणाऱ्याला हा फायदा समजावून सांगावा लागत नाही.

एक सूचना. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एकावर सावली पडली तरी अख्ख्या माळेची वीज घटू शकते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या लांबतात. कोटेशन मागवण्याआधी तेव्हाच्या एखाद्या दिवशी नऊ, बारा आणि तीन वाजता गच्चीवर जा आणि टाकीची सावली खडूने आखून ठेवा.