श्वासमार्गातील शिस्त

मोलगीच्या बाजारात आमचुराची पोती रिकामी होताना किंवा नंदुरबारच्या बाजार समितीत मिरचीचे ढीग हलवताना जी धूळ उडते, ती मालक, मुनीम आणि हमाल यांच्या श्वासात सारखीच जाते. तरीही ती सगळी फुप्फुसात साचत नाही, कारण श्वासमार्गाची सफाई अखंड चालू असते.

श्वासनलिकेच्या अस्तरातील अनेक पेशींवर प्रत्येकी सुमारे 200 सूक्ष्म केसासारखे तंतू असतात. त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. लांबी मिलीमीटरच्या दीडशेव्या भागाइतकी. पण सेकंदाला दहा-पंधरा वेळा फटकारा मारून ते धूळ अडकलेला कफ पुढे ढकलतात. श्वासनलिकेत हा प्रवाह वर घशाकडे जातो, नाकात मागे घशाकडे.

ही दिशा पेशींना कळते कशी? पेशीच्या एका कडेला एक प्रथिनगट जमतो, समोरच्या कडेला दुसरा. शेजारच्या पेशीचा विरुद्ध गट त्याला येऊन भिडतो. अशी हातमिळवणी होत दिशा पेशीपेशींतून पुढे पोहोचते आणि तंतूंची मुळे तिला अनुसरून वळतात. ही यंत्रणा प्रथम फळमाशीच्या पंखांवरील केसांच्या अभ्यासातून उलगडली.

तंतूंची हालचाल जन्मतःच सदोष असेल, तर कफ तुंबतो. तान्हेपणापासून सतत वाहणारे नाक, बारमाही ओला खोकला, वारंवार ठणकणारे कान ही त्याची लक्षणे. अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचे हृदय उजवीकडे असते. कारण गर्भात डावे-उजवे ठरवण्याचे कामही असेच तंतू करतात. स्विस डॉक्टर कार्टागेनर यांनी 1933 मध्ये वर्णिलेल्या या लक्षणसमूहाचे मूळ तंतूंच्या दोषात असल्याचे स्वीडनच्या अफ्झेलियस यांनी 1976 मध्ये दाखवले. हा आजार विरळ आणि आनुवंशिक आहे. नात्यातील विवाहांत त्याचा धोका वाढतो. मात्र वेळीच निदान झाले, तर नियमित छातीचा व्यायाम आणि योग्य औषधे यांनी फुप्फुसे जपता येतात. म्हणून बाळाचा बारमाही खोकला ‘हवामानाचा’ म्हणून सोडून देऊ नये.

निरोगी तंतूंनाही मर्यादा असते. विडी-सिगारेटचा धूर त्यांना दुबळे करतो. धुळीचा रोजचा मारा सफाईवरचा भार वाढवतो. आपले स्थानकवासी साधू-साध्वी मुहपत्ती बांधतात ती वायुकायिक जीवांच्या रक्षणासाठी. गोदामात आपण मास्क लावावा, तो आपल्या श्वासासाठी. आणि हमालांनाही आवर्जून द्यावा. पोते उचलणाऱ्याच्या श्वासाची काळजी घेणे हीदेखील जीवदयाच होय.