प्रवेश हुकलेल्या विद्यार्थ्यांना घराचा व गावाचा आधार

शालान्त परीक्षांच्या निकालांत कोकण विभागीय मंडळाची आघाडी आता साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाची झाली आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या या मंडळाचा २०२५ सालचा बारावीचा निकाल ९६.७४ टक्के, तर दहावीचा ९८.८२ टक्के लागला. ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि, जेथे जवळजवळ प्रत्येक मूल उत्तीर्ण होते, तेथे निराशा वेगळ्या रूपाने येते. मूल नापास झालेले नसते. त्याला हवा असलेला प्रवेश तेवढा मिळालेला नसतो. घरोघरी पेढे वाटून झालेले असतात आणि काही आठवड्यांनी लागलेल्या प्रवेशाच्या यादीत त्याचे नाव नसते.

या अपयशाचा अर्थ प्रथम वडीलधाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेस २०२५ साली देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र त्या मानाने फारच थोड्या आहेत. सिंधुदुर्गात २०२१-२२ या वर्षापासून सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची प्रवेशक्षमता १०० आहे. म्हणजेच, पात्र ठरलेल्या बहुसंख्य मुलांना जागा मिळणे शक्यच नसते. मुलाच्या कष्टांत उणीव होती, असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे ठरते.

मालवण किनाऱ्यावर हा काळ अधिकच कठीण जातो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मिळकत थांबलेली असते आणि घरातील सर्व माणसे घरातच असतात. पुढे गणेशचतुर्थीला चाकरमानी गावी येतात व ''प्रवेश कुठे मिळाला?'' हा प्रश्न प्रत्येक ओटीवर विचारला जातो. अशा वेळी पालकांनी उत्तर देण्याचा भार स्वतःकडे घ्यावा. शेजारच्या मुलाशी तुलना, क्लासच्या फीचा उल्लेख आणि ''होते ते बऱ्यासाठीच'' असे घाईचे सांत्वन ही तिन्ही टाळावीत. पहिले काही दिवस मुलाचे म्हणणे ऐकून घेणे हेच मोठे साहाय्य होय.

परंतु दुःखाला जसा वेळ द्यावा लागतो, तशी प्रवेशाची मुदत थांबत नाही. फेऱ्या एकामागून एक येतात आणि पसंतीक्रम भरण्यास थोडेच दिवस मिळतात. म्हणून मूल सावरेपर्यंत तारखांची नोंद, दाखले व कागदपत्रे यांची जबाबदारी पालकांनी आणि वर्गशिक्षकांनी उचलावी. निर्णय मात्र मुलाचाच असावा. गुणांविषयी शंका असल्यास गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांची सोय मंडळाकडे आहे. श्रेणीसुधार योजनेखाली पुन्हा परीक्षाही देता येते.

जवळच्या वाटाही मुलांना दाखविल्या पाहिजेत. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेल्या विद्यार्थ्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. कोकण कृषी विद्यापीठाचे मुळदे येथील उद्यानविद्या महाविद्यालय व रत्नागिरी येथील मत्स्य महाविद्यालय यांचे विषय तर आंबा-काजूच्या बागांत आणि समुद्रावर वाढलेल्या मुलांच्या जिव्हाळ्याचे आहेत. मात्र, यांपैकी कोणतीही वाट 'पडेल ते पदरात' या भावनेने मुलावर लादू नये.

मूल सतत एकटे राहू लागले, त्याचे खाणे-झोपणे बिघडले किंवा 'माझा काही उपयोग नाही' असे ते बोलू लागले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. जीव नकोसा झाल्याचे विचार मनात येतात का, हे त्याला शांतपणे व स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने धोका वाढत नाही. अशा वेळी त्याला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. 'टेलि-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेला असावा.

गुणवंतांचा सत्कार बहुतेक गावांत होतो. त्याच सभागृहात, प्रवेशाच्या पहिल्या फेरीपूर्वी, तंत्रनिकेतन, औद्योगिक प्रशिक्षण संस्था व महाविद्यालये यांच्या शिक्षकांना बोलावून एक मार्गदर्शन सभा घेणे कोणत्याही ग्रामपंचायतीस अवघड नाही. ज्यांची नावे सत्काराच्या यादीत नाहीत, त्यांच्यासाठीही गावाने वेळ काढला आहे, हे त्या मुलांना कळणे महत्त्वाचे आहे.