कुत्र्याच्या पिलाला घरची शिस्त

आष्टी-पाटोद्याच्या बाजूस एखाद्या शेतावर कुत्री व्याली, कीं दीड-दोन महिन्यांनीं त्यांतलें एक पिलूं बीड शहरांतल्या नातलगाकडे येतें. पहिले दोन दिवस मुलांच्या आनंदाला पारावार नसतो. तिसऱ्या दिवशीं सतरंजीवर, चौथ्या दिवशीं देवघराच्या उंबऱ्याशीं ओलावा सांपडतो, आणि घरांतल्या वडील मंडळींचा निकाल ठरतो: ‘हें परत पाठवा.’ परत पाठविण्याची सोय नसली तर पिलूं रस्त्यावर सोडलें जातें. वास्तविक अपराध पिलाचा क्वचितच असतो.

स्वच्छतेचा पहिला पाठ त्याला आईनेंच दिलेला असतो. जन्मानंतर सुमारें तीन आठवडे पिलाला आपण होऊन मलमूत्र सोडतां येत नाहीं. आई जिभेनें चाटते तेव्हांच तें होतें, आणि निजण्याची जागाही तीच साफ ठेवते. पाय बळकट होतांच पिलूं बिछान्यापासून दूर जाऊन विधि उरकूं लागतें. आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास, पायाखालीं कोणत्या प्रकारची जमीन असतां हें करावयाचें, याची आवड त्याच्या ठायीं पक्की होऊं लागते. शेतावरच्या पिलाची ही जमीन म्हणजे माती. शहरांत त्याला मिळते ती शहाबादी फरशी! मातीसारखी मऊ व ओल शोषणारी वस्तु घरांत एकच, ती म्हणजे सतरंजी. मग तें सतरंजीवर गेलें तर त्यांत नवल काय?

तेव्हां पहिले कांहीं आठवडे सतरंज्या गुंडाळून ठेवाव्या आणि पिलाला माती दाखवावी. दोन महिन्यांच्या पिलाला जागेपणीं दोन-तीन तासांहून अधिक वेळ लघवी आवरत नाहीं, खेळाच्या भरांत तर तितकीही नाहीं. झोपेंतून उठतांच, खाणें झाल्यावर थोड्याच वेळांत, खेळ थांबतांच आणि रात्रीं निजण्यापूर्वी त्याला उचलून ठरलेल्या एकाच जागीं न्यावें. जमीन हुंगत तें घिरट्या घालूं लागलें, म्हणजे वेळ झाली असें समजावें. काम होतांच, तेथल्या तेथें, भाकरीचा एखादा तुकडा द्यावा. घरांत आल्यावर दिलेला तुकडा घरांत येण्याचें बक्षीस ठरतो!

चूक झाली तर पिलाचें नाक तींत घासण्याची चाल अद्याप पुष्कळ घरीं आहे. तिच्याइतकी निरुपयोगी शिक्षा दुसरी नसेल. मागाहून मिळालेल्या माराचा आणि अगोदर झालेल्या गोष्टीचा संबंध पिलाला लागत नाहीं. त्याला कळतें तें इतकेंच, कीं माणसांदेखत हें करणें धोक्याचें. मग तें पलंगाखालीं जाऊं लागतें, आणि बाहेर नेलें तरी धन्यासमोर अंग चोरून उभें राहतें. चुकीची जागा मात्र नीट धुवावी. फिनेलनें वास झाकला जातो तो माणसापुरता. अमोनिया असलेलें द्रव्य तर वापरूंच नये. लघवीचा वास त्याच जातीचा. हल्लीं मिळणारें एन्झाइमचें द्रावण अधिक उपयोगी पडतें.

टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरांत कोणाला असेंही सुचतें, कीं पाणीच कमी पाजावें, म्हणजे फरशी कोरडी राहील. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत, पारा चाळिसाच्या वर असतां, ही काटकसर पिलाच्या जिवावर बेतूं शकते. पाण्याची वाटी दिवसभर भरलेलीच हवी. वाढवावयाच्या त्या बाहेरच्या फेऱ्या.

या फेऱ्या रस्त्यावर मात्र नकोत. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्व्हो या रोगाचे विषाणु आजारी कुत्र्याच्या विष्ठेंतून मातींत उतरतात व महिनोन्‌महिने टिकतात. सहाव्या ते आठव्या आठवड्यांत सुरू होणारा लशींचा क्रम साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो. तोंवर आपलें अंगणच बरें. अंगण नसेल तेथें गच्चीवर किंवा सज्जांत पसरट पाटींत स्वच्छ माती भरून ठेवावी. गच्चीवर पिलूं एकटें सोडूं नये, कठड्यावरून पडण्याचें भय आहेच. शिवाय २०२१ सालीं माजलगांव तालुक्यांतील लवूळ येथें वानरें कुत्र्यांचीं पिलें उचलून झाडांवर व उंच छपरांवर नेत असत. अखेर डिसेंबरांत वनखात्यानें दोन वानरें पकडून नेलीं.

बहुतेक पिलें सहाव्या महिन्याच्या सुमारास विश्वासू होतात, कांहींना अधिक काळ लागतो. शिकलेलें पिलूं एकाएकीं वारंवार घरांत लघवी करूं लागलें, तर तो हट्ट न समजतां पशुवैद्याला दाखवावें. मूत्रमार्गाचा विकार असूं शकतो. आणि लशी पुऱ्या झाल्या, कीं मातीची पाटी एकदम काढूं नये. रोज हातभर दाराकडे सरकवीत न्यावी, शेवटीं उंबऱ्याबाहेर ठेवावी, आणि पिलूं आपण होऊन दाराशीं येऊन बसूं लागलें म्हणजे तिच्यांतली माती बाहेरच्या ठरलेल्या जागीं ओतून टाकावी.