पातं सगळ्यात शेवटी

आमच्या बोदलकसा गावात पावसाळ्यात अंगणातलं गवत वाढू देणं परवडत नाही. एका बाजूला १९१७ सालचा तलाव, दुसऱ्या बाजूला नागझिऱ्याचं जंगल. गवत घोट्याच्या वर गेलं की सापकिरडाची धास्ती. मी तिरोड्यात मोटारी दुरुस्त करतो. आपोआप गवत कापणारं यंत्र घरीच बनवायचं मी ठरवलं, तेव्हा आई म्हणाली, "विळ्यानं एका सकाळी होते, एवढा कुटाणा काहून?" खरं आहे, पण ती सकाळ पावसाळाभर दर आठवड्याला द्यावी लागते.

असं यंत्र काही नवं नाही. स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीनं १९९५ मध्ये सौरऊर्जेवर चालणारं असं यंत्र बाजारात आणलं. आज जर्मनीतल्या 'आर्डुमोवर' प्रकल्पाचे आराखडे कुणालाही बघता येतात.

चाकांसाठी भंगारातल्या गाडीच्या वायपरच्या मोटारी उत्तम. बारा व्होल्टवर चालतात, फिरतात सावकाश, पण जोर भरपूर. मागच्या दोन चाकांना एकेक मोटार आणि पुढे चहूकडे वळणारं छोटं चाक. दोन्ही मोटारी सारख्या फिरल्या की यंत्र सरळ जातं, एक थांबवली की वळतं. त्यांना हुकूम देतो प्रोग्राम भरता येणारा आर्डुइनोचा छोटा बोर्ड. मधे मोटारीचा प्रवाह पेलणारं सर्किट लागतं.

कापायला मोठं पातं नको. फिरत्या तबकडीच्या कडेला कटरच्या ब्लेडएवढी तीन पाती सैल स्क्रूनं लावायची. वेगामुळे ती बाहेर ताठ राहतात; दगड लागला तर मागे दुमडतात. यंत्र गवताचा नुसता शेंडा छाटतं, पण वरचेवर. बारीक तुकडे तिथेच कुजून त्यांचं खत होतं. मात्र वाढलेलं गवत त्याला झेपत नाही. म्हणून पहिली कापणी आईच्या विळ्याचीच.

हद्द कशी कळते? अंगणाच्या कडेनं बारीक तार पुरून तिची दोन्ही टोकं एका छोट्या सर्किटला जोडायची. त्यातून दर सेकंदाला हजारो वेळा बदलणारा हलका प्रवाह सोडला की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्याची दिशा तारेच्या आत एक, बाहेर नेमकी उलटी. यंत्राच्या तोंडाशी बसवलेली तांब्याची कॉइल हा फरक ओळखते. हद्द ओलांडताच यंत्र मागे येतं आणि भलत्याच कोनात वळतं. फुलझाडांभोवतीही तशीच तार फिरवता येते. असं वेडंवाकडं फिरत यंत्र हळूहळू सगळं अंगण पालथं घालतं.

आमच्याकडे खरी अडचण चिखलाची. धानपट्ट्यातली चिकण माती चाकांना लिंपते, ओलं गवत तबकडीखाली गोळा होतं. म्हणून चाकांना दाते हवेत, आणि पाऊस लागला की यंत्र बंद. अंधार पडल्यावरही चालवू नये. अंधारात बाहेर पडणारे बेडूक त्याला दिसत नाहीत.

कापण्यापेक्षा थांबण्याची व्यवस्था मोठी. पुढे धडक ओळखणारं बटण, उचललं किंवा कलंडलं की पातं बंद करणारा सेन्सर, आणि वर मोठं लाल बटण. हे लाल बटण प्रोग्रामवर सोडू नका. त्यानं बॅटरीचा प्रवाह थेट तुटला पाहिजे. प्रोग्राम अडकू शकतो, तुटलेला प्रवाह धोका देत नाही.

घरी करून बघणाऱ्यांना माझं एकच सांगणं : आधी बिनपात्याचं यंत्र अंगणात मनसोक्त फिरवा. पोरं आणि शेळ्या आडव्या आल्या तरी ते दर वेळी थांबतं, याची खात्री झाल्यावरच पातं बसवा.