मायचे काळे हात

परवा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. सेल बदलताना जुना सेल मी नेहमीसारखा क्षणभर हातात धरून बसले. सूनबाई हसली, "आई, दर वेळी काय बघता हो त्यात?" काय सांगणार? मला त्यात माझी माय दिसते.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातलं, डोंगरी बुजुर्गच्या खाणीजवळचं. नागपूर, भंडारा आणि पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट, हा सगळा मॅंगनीजचा पट्टा. इथल्या खाणी इंग्रजांच्या काळापासूनच्या. घर, अंगण, वाळत घातलेली लुगडी, सगळ्यावर एक काळपट छटा असायची.

मी पाचवीत असताना बाबा काविळीने गेले. पदरात आम्ही तीन भावंडं. दिवस जाताच माय खाणीवर माल वेचायला जाऊ लागली. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली उतरायला बंदी होती, आणि वरचं कामही सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच करता यायचं. (जमिनीखालच्या कामाची दारं बायकांना उघडली ती २०१९ साली, तीही अधिकारी आणि तांत्रिक कामांसाठी.) त्यामुळे बायकांच्या वाट्याला वरचं काम यायचं. ढिगासमोर उकिडवं बसायचं, हातोडीने दगड फोडायचा, चांगला माल एका बाजूला, फुकटचा दगड दुसऱ्या बाजूला.

मॅंगनीज साध्या दगडापेक्षा चांगलंच जड असतं. माय नुसतं हातात तोलून सांगायची. "डोया फसवते, हात नाही फसवत," म्हणायची. पुढे माझ्यासाठी स्थळं आली तेव्हाही तिची परीक्षा तीच. एका बडबड्या मुलाला तिने "हलका हाये" म्हणून परत पाठवलं होतं!

पहाटे चारला उठून सडा-सारवण, पाणी, तांदळाच्या भाकरी, लाखोरीचं वरण करून ती निघायची. संध्याकाळी आल्यावर राखेने हात घासायची, तरी बोटांच्या भेगांतला काळा काही निघायचा नाही. मी सातवी झाले तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "पोरीले ने ना संगं, दोन पैसे येतीन." माय एवढंच म्हणाली, "मी कारी झाली तेवढं पुरे."

आणि त्याच मायला मी एकदा नाकारलं.

मी आठवीत होते. मोठ्या गावातल्या शाळेत निबंधाचं बक्षीस मिळणार होतं. माय कामावरून तशीच आली, लुगडं काळं, हात काळे. वर्गातल्या मैत्रिणीने विचारलं, "कोण गं ही?" माझ्या तोंडून निघून गेलं, "शेजारची काकू."

माय दोन हातांवर उभी होती. तिने ऐकलं. काही बोलली नाही. रात्री रोजच्यासारखं पहिलं ताट मलाच वाढलं. मला घास उतरेना.

दहावीत विज्ञानाच्या गुरुजींनी शिकवलं की बॅटरीच्या सेलमध्ये मॅंगनीज डायऑक्साइड असतं. आणि असा, सेलला चालणारा माल निघतो तो आमच्या डोंगरीतून! मी धावतच घरी आले. बाबांच्या बॅटरीतला संपलेला सेल फोडला आणि आतली काळी पूड मायच्या हातावर ठेवली. तिने ती चिमटीत चोळून पाहिली. बोटं आधीच काळी, त्यावर आणखी काळं काय दिसणार! पण तिचा चेहरा उजळला. "हा तं आपलाच माल होय वो! म्हंजे बॅटरीचा उजेड आपल्या हातचा?" कितीतरी वर्षं ती हे काम करत होती, पण आपण वेचलेला दगड जातो कुठे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या क्षणी माफी मागावी असं फार वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. नंतरही कधी जमलं नाही. २००४ साली माय गेली.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कित्येकींच्या आयांनी असंच राबून आपल्याला वर काढलं. कुणाची आई बिड्या वळत होती, कुणाची रोवणीला जात होती. आपण शिकलो, चार माणसांत वावरू लागलो, आणि आईचं काम सांगताना जीभ अडखळू लागली. खरं ना?

मी पुढे शिक्षिका झाले. दरवर्षी तो धडा आला की एक जुना सेल वर्गात घेऊन जायची. तो फोडून आतली पूड कागदावर काढायची आणि मुलांना सांगायची, "ही पूड ज्या दगडाची आहे, तो दगड माझ्या आईने वेचला. ती खाणीवर मजूर होती."

पहिल्या वर्षी हे सांगताना आवाज कापला होता. पुढे कधी कापला नाही.

आज सूनबाईला हे सगळं सांगितलं. तिने तो जुना सेल कचऱ्यात टाकला नाही. देवघराजवळच्या फळीवर ठेवून दिला.